बरणीतला समुद्र

डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये, सराफाच्या दुकानात, एखाद्या हौशी शेजारणीच्या हॉलमध्ये काचेची पेटी आणि तिच्यात फिरणारे लाल-सोनेरी मासे आपण सगळ्यांनीच पाहिलेत. मुलं काचेला नाक लावून उभी राहतात आणि मोठ्यांचाही अर्धा तास मजेत जातो. पण मैत्रिणींनो, हे बहुतेक मासे गोड्या पाण्यातले असतात. नळाचं पाणी शिळं करून घातलं की त्यांचं भागतं. समुद्रातले प्राणी घरात ठेवायचे म्हटलं, की मात्र पहिला प्रश्न येतो तो पाण्याचा. समुद्र शंभर कोस लांब असेल तर ते खारं पाणी आणायचं कुठून? बादलीभर पाण्यात चार मुठी मीठ टाकून समुद्र होतो का?

नाही होत. घरातल्या घरात, तराजू हातात घेऊन समुद्राचं पाणी कसं करायचं, ते ज्यानं जगाला शिकवलं तो माणूस म्हणजे फिलिप हेन्री गॉस. ‘ॲक्वेरियम’ हा शब्द आज जगभर ज्या अर्थानं वापरतात, तो रूढ झाला त्याच्याच पुस्तकामुळे. हा माणूस कुठल्या कॉलेजात शिकला नव्हता. त्याचं आयुष्यही त्या काचेच्या पेटीसारखंच होतं, बाहेरून शांत आणि आत बरंच काही चाललेलं.

फिलिपचा जन्म ६ एप्रिल १८१० रोजी इंग्लंडमधल्या वुस्टर गावी झाला. वडील गावोगाव फिरून लोकांची छोटी छोटी चित्रं काढून देत. हात कसबी, पण पैसा कमी. आई लग्नाआधी एका घरी बाईसाहेबांच्या दिमतीला होती. संसाराचा गाडा ओढला तो तिनंच. पुढे हे कुटुंब दक्षिणेकडच्या पूल या बंदराच्या गावी आलं आणि पोराला समुद्र भेटला. तिथे त्याची एक आत्या होती. तिला किडे-फुलपाखरं, शंख-शिंपले यांचं भारी वेड. सुरवंटाचं फुलपाखरू कसं होतं हे पोराला तिनं समजावलं. खडकाला चिकटलेले, फुलासारखे उमलणारे सी-ॲनिमोन नावाचे प्राणी समुद्राच्या पाण्यात घालून घरी ठेवता येतात, हेही तिनंच सांगितलं. पुढे सगळ्या युरोपला जे वेड लागलं, त्याचं बी असं एका आत्याच्या घरात पडलं होतं.

शिक्षण फार झालं नाही. पंधराव्या वर्षी फिलिप एका व्यापाऱ्याच्या पेढीवर हिशेब लिहायला लागला. सतराव्या वर्षी, १८२७ मध्ये, पेढीच्या कामासाठी त्याला जहाजानं थेट न्यूफाउंडलंडला धाडलं. थंडी मरणाची, आणि माशांच्या व्यापाराचे हिशेब लिहीत दिवस जायचे. तिथे १८३२ मध्ये सूक्ष्मदर्शकावरचं एक जुनं पुस्तक त्याच्या हाती लागलं आणि त्याच्या आयुष्याला वळण मिळालं. कारकुनी संपली की हा गडी किडे गोळा करायचा, त्यांची चित्रं काढायचा. वडिलांचं बोट धरून शिकलेलं बारीक चित्रकाम आता कामाला आलं.

मग त्यानं कॅनडात शेती करून पाहिली. तीन वर्षं राबला, हाती काही लागलं नाही. १८३८ मध्ये अमेरिकेतल्या अलाबामात मुलांना शिकवायला गेला. तिथल्या कापसाच्या मळ्यांवर गुलामांचे हाल पाहून त्याचं मन उबगलं आणि वर्षभरात तो इंग्लंडला परतला. त्या वेळी खिसा इतका रिकामा होता, की दोन वेळच्या जेवणाची भ्रांत. कॅनडाच्या निसर्गावर लिहिलेलं बाड घेऊन तो एका प्रकाशकाकडे गेला. प्रकाशकानं शंभर गिनी देऊ केल्या, तेव्हा या तिशीच्या पुरुषाला तिथेच रडू कोसळलं. ते पुस्तक १८४० मध्ये निघालं. पुढे १८४४ मध्ये तो जमेकाला गेला, दीड वर्ष राहिला आणि तिथल्या पक्ष्यांवर त्यानं नावाजलेलं पुस्तक लिहिलं.

लग्न झालं ते १८४८ मध्ये. तो अडतीस वर्षांचा, वधू एमिली बोज बेचाळीस वर्षांची. आजही आपल्याकडे अशा लग्नाची चर्चा झाली असती. एमिली चांगल्या घरातली, पण घर बसलेलं. भावांची शिक्षणं पार पडावीत म्हणून तिनं तरुणपणची वर्षं दुसऱ्यांच्या मुलांना शिकवण्यात घालवली होती. स्वतः कविता लिहायची, धर्मावरच्या छोट्या पुस्तिका लिहायची. त्या पुस्तिका लाखांनी खपल्या. नवरा-बायको दोघंही अतिशय कडक धार्मिक पंथातले. सण-समारंभ नाही, नाटक-कादंबरी नाही. सुरुवातीला सासूबाईही त्याच घरात होत्या, आणि दोन करारी बायकांचं एका छपराखाली जसं होतं तसंच तिथेही झालं. पुढच्या वर्षी, १८४९ मध्ये, मुलगा झाला. त्या दिवशी फिलिपनं डायरीत दोन नोंदी एकापाठोपाठ एक केल्या: एमिलीला मुलगा झाला, आणि जमेकाहून एक हिरवी पाकोळी आली! बायका हसतील आणि म्हणतील, अगदी आमच्यांसारखाच! पण तो मुलगा एडमंड पुढे मोठा लेखक झाला आणि त्यानंच ही गोष्ट जगाला सांगितली. माणूस कोरडा नव्हता, त्याची ती तऱ्हाच होती, असंही त्यानं समजून घेतलं.

आता मूळ गोष्टीकडे येऊ. सतत लिहून-वाचून फिलिपची तब्येत ढासळली, म्हणून १८५२ च्या जानेवारीत हे कुटुंब डेव्हनच्या किनाऱ्यावर राहायला गेलं. ओहोटी लागली की फिलिप कमरेइतक्या पाण्यात उतरायचा. खडकांच्या खळग्यांतून शेवाळ, तारामासे, खेकडे आणि ते फुलासारखे सी-ॲनिमोन आणायचा. पण घरी आणलेले जीव दोन-चार दिवसांत मरायचे आणि पाण्याला घाण वास सुटायचा. पाणी रोज बदललं तर ते जगायचे, पण रोज समुद्र कोण आणणार?

इथे दोन बायकांची नावं घेतलीच पाहिजेत. जान व्हिलप्रू-पॉवर ही फ्रान्समधली एका चांभाराची मुलगी. आधी पॅरिसमध्ये शिवणकाम करायची. लग्नानंतर ती सिसिली बेटावर राहायला गेली आणि १८३२ मध्ये तिनं समुद्री जीव पाहण्यासाठी काचेच्या पेट्या करून घेतल्या. दुसरी ॲना थिन. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या मोठ्या धर्माधिकाऱ्याची बायको, घरात पोराबाळांचा मोठा गोतावळा. १८४६ मध्ये तिनं टॉर्की गावच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ दगडी बरणीतून लंडनला आणलं. पाण्यात हवा खेळती राहावी म्हणून तिची मोलकरीण उघड्या खिडकीपाशी उभी राहून, आपण चहा गार करायला वरखाली ओततो तसं, ते पाणी अर्धा-पाऊण तास या भांड्यातून त्या भांड्यात ओतायची. पुढे बाईंनी त्यात समुद्रातलं शेवाळ सोडलं आणि तिचं प्रवाळ वर्षानुवर्षं जगलं. तिच्या टिपणांना १८५९ मध्ये प्रस्तावना लिहून ती छापून आणायला मदत केली ती गॉसनंच. पण शोधाच्या गोष्टी सांगताना त्या मोलकरणीचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. हातांची नावं राहत नाहीत, ते असं.

गॉसला आणि त्याच वेळी प्रयोग करणाऱ्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञाला गुपित सापडलं ते हेच. शेवाळ उजेडात प्राणवायू सोडतं, प्राणी तो घेतात. प्राण्यांनी टाकलेलं शेवाळाच्या कामी येतं. दोन्हींचं प्रमाण जमलं, तर पाणी महिनोन्महिने बदलावं लागत नाही. १८५३ च्या मे महिन्यात लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी पहिलं मत्स्यालय उघडलं. त्यातले बरेचसे जीव गॉसनं किनाऱ्यावरून गोळा करून पाठवलेले होते. १८५४ मध्ये त्याचं ‘द ॲक्वेरियम’ हे रंगीत चित्रांचं पुस्तक आलं आणि हातोहात खपलं. इंग्लंडमध्ये काचेवरचा कर १८४५ मध्येच उठला होता, त्यामुळे काच स्वस्त झाली होती. आगगाडीनं किनाराही जवळ आला होता. बैठकीच्या खोलीत काचेची पेटी असणं ही प्रतिष्ठेची गोष्ट झाली.

अडचण एकच, पाणी. किनाऱ्यावरून पिंपांत भरून पाणी मागवायचं तर पैसा लागायचा. पिंपाच्या लाकडाचा कस उतरला तर सगळे जीव दगावायचे. समुद्रापासून लांबच्या गावातल्या माणसानं काय करायचं? या प्रश्नावर गॉस घरी तराजू घेऊन बसला. समुद्राच्या पाण्यात काय काय असतं याचं पृथक्करण एका रसायनतज्ज्ञानं आधीच करून ठेवलं होतं. गॉसनं ते समोर ठेवलं आणि त्यातलं जे नाममात्र आहे ते वगळून मोजके चारच जिन्नस निवडले. साधं मीठ साडेतीन औंस, म्हणजे आपल्या हिशेबानं जवळजवळ शंभर ग्रॅम. जुलाबासाठी लोक घेत ते एप्सम सॉल्ट पाव औंस, म्हणजे सात ग्रॅम. मॅग्नेशियम क्लोराइड तेरा ग्रॅम. पोटॅशियम क्लोराइड अडीच ग्रॅमच्या थोडं वर. हे सगळं साडेचार लिटरला किंचित कमी अशा गोड्या पाण्यात विरघळवायचं. चुन्याचं काय? त्यासाठी तळाशी शिंपल्यांचे आणि प्रवाळांचे तुकडे टाकले की काम होईल, असा त्याचा हिशेब.

पण खरी हुशारी पुढे होती. पाणी तयार झालं म्हणून त्यानं लगेच त्यात प्राणी सोडले नाहीत. गाळून घेतलं, आधी नुसतं शेवाळ सोडलं, उजेडात ठेवलं आणि वाट पाहिली. शेवाळ तरारलं तेव्हा मग एक एक जीव घातला. ते जगले. १८५४ च्या उन्हाळ्यात त्यानं ही कृती शास्त्रीय मासिकात छापून टाकली. स्वतःपाशी गुप्त ठेवून पैसे करता आले असते, पण त्यानं ती सगळ्यांना देऊन टाकली. लवकरच लंडनच्या दुकानांत या क्षारांच्या तयार पुड्या मिळू लागल्या. समुद्र पुडीतून मिळायला लागला!

आज कुणाच्या मुलानं खाऱ्या पाण्याची पेटी करायची म्हटलं, तर मूळ रीत फार बदललेली नाही. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. आपलं आयोडीनचं मीठ इथे चालत नाही, कारण ते बहुतांशी एकाच जातीचा क्षार, आणि समुद्रात तर मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम असं बरंच काही असतं. त्यासाठी मत्स्यालयाचं तयार मीठ मिळतं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, म्हणून आरओचं पाणी घ्यायचं. साबण न लागलेल्या स्वच्छ बादलीत आधी पाणी, मग थोडं थोडं मीठ, हा क्रम उलटा करायचा नाही. छोटा पंप सोडून एक दिवस पाणी फिरू द्यायचं. दूधवाल्याकडे लॅक्टोमीटर असतं ना, तसंच खाऱ्या पाण्याची दाटी मोजायला हायड्रोमीटर असतं. आकडा १.०२५ च्या आसपास आला की पाणी जमलं.

आणि तरीही प्राणी लगेच नाही. वाळू-दगड घालून चार-सहा आठवडे थांबायचं. माशांच्या घाणीतून अमोनिया तयार होतो आणि तो त्यांनाच मारतो. त्याचा बंदोबस्त करणारे सूक्ष्म जिवाणू आधी वस्तीला यावे लागतात. गॉसच्या काळी हे जिवाणूंचं काम कुणाला ठाऊक नव्हतं. पण विरजण लागायला वेळ द्यावा लागतो, हे त्याला निरीक्षणानं कळलं होतं. अजून एक गोष्ट आपल्याला कुणी शिकवायला नको. आमटी आटली की खारट होते. पेटीतलं पाणीही उडतं आणि मीठ मागे राहतं. म्हणून कमी झालेलं पाणी भरताना खारं नाही, साधं पाणी भरायचं. काचेवर कागदाची एक खूण चिकटवली की झालं.

एवढं सगळं जमलं, नाव झालं, १८५६ मध्ये रॉयल सोसायटीचं सदस्यत्व मिळालं. त्याच वर्षी एमिलीला छातीत गाठ लागली. कॅन्सर होता. शस्त्रक्रियेला त्या काळी लोक फार घाबरत. एका परदेशी डॉक्टरचा नवा उपाय निघाला होता. छातीवर जाळणारा लेप लावायचा आणि गाठ जाळून काढायची. एमिली त्यासाठी लंडनच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला घोड्यांच्या बसनं जायची. वेदना अंगावर काढत बसमधल्या अनोळखी बायकांशी बोलायची, त्यांना आपल्या पुस्तिका द्यायची. शेवटी दवाखान्याजवळच खोली घेतली. उशापाशी असायचा तो सात वर्षांचा एडमंड. पाणी देणं, वाचून दाखवणं, सगळं त्या पोरानं केलं. उपाय फुकट गेला. १० फेब्रुवारी १८५७ रोजी एमिली गेली. तिचं वय पन्नास.

मैत्रिणींनो, छातीतली गाठ अंगावर काढायची नाही, वेळेवर दाखवायची, हे आपण पुन्हा पुन्हा ऐकतो. एमिलीनं अंगावर काढलं नव्हतं. तिच्या काळाकडेच तिला द्यायला काही नव्हतं. आपल्याकडे आज आहे, मग आपण का थांबायचं?

पेटीतल्या पाण्याचं प्रमाण जमवणाऱ्या माणसाचं घरातलं प्रमाण मात्र बिघडलं. त्याच वर्षी त्यानं देवाचं पुस्तक आणि दगडांमधले पुरावे यांचा मेळ घालणारा एक ग्रंथ लिहिला. पृथ्वी निर्माण झाली तीच जुनेपणाच्या खुणांसह, असं त्याचं म्हणणं. शास्त्रज्ञांना ते पटलं नाही आणि धार्मिकांनाही नाही. दोन्हीकडून हसं झालं, पुस्तकाच्या प्रती रद्दीत गेल्या. आईविना पोराला घेऊन तो डेव्हनला टॉर्कीजवळ राहायला गेला. त्या वर्षीच्या ख्रिसमसला घरातल्या नोकरमाणसांनी चोरून पुडिंग केलं आणि पोराला थोडं दिलं. पोट दुखल्यावर पोरानं कबूल केलं, तर बापानं ते सगळं पुडिंग राखेत नेऊन टाकलं. सणाचं गोडधोड त्याच्या धर्मात बसत नव्हतं. त्या लेकराला काय वाटलं असेल, ते आयांना वेगळं सांगायला नको.

पण त्याच बापानं त्याच पोराला ओहोटीच्या वेळी खडकांवर नेऊन, पालथं पडून, खळग्यातली दुनिया दाखवली. दुखावलेला माणूस पुन्हा समुद्राकडेच वळला. ब्रिटनच्या सी-ॲनिमोनवरचा त्याचा मोठा सचित्र ग्रंथ १८५८ ते १८६० या काळात निघाला. १८६० मध्ये त्यानं एलायझा ब्राइटवेन हिच्याशी दुसरं लग्न केलं. बाई मायाळू होती. तिनं सावत्र मुलाला जीव लावला आणि नवऱ्याच्या करड्या शिस्तीची धार पुष्कळ बोथट केली.

उतारवयात त्याला एक सल होता. त्याची पुस्तकं वाचून हजारो लोक छिन्नी-हातोडे आणि बरण्या घेऊन किनाऱ्यावर उतरले. गाड्या भरभरून लोक आले आणि खडकांवरची रंगीत बाग खरवडून घेऊन गेले. घरी नेलेले बहुतेक जीव आठवड्याभरात मेले, कारण पुडी सगळ्यांनी घेतली, वाट कुणी पाहिली नाही. काही वर्षांत ते खळगे ओसाड झाले. ज्या किनाऱ्यावर त्यानं जन्मभर प्रेम केलं, तो आपल्याच लिखाणामुळे उजाड झाला, हे त्याला शेवटपर्यंत खुपत राहिलं. त्याचं हे दुःख मुलानं १९०७ मध्ये बापलेकांच्या आठवणींच्या पुस्तकात लिहून ठेवलं. फिलिप गॉस २३ ऑगस्ट १८८८ रोजी वारला. शेवटची वर्षं त्यानं ऑर्किडची फुलं वाढवण्यात आणि दुर्बिणीतून तारे पाहण्यात घालवली.

आपल्याकडे मुंबईला मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये उघडलं आणि शाळेच्या सहलीतून कितीतरी जणींनी पहिल्यांदा समुद्राचं पोट तिथे पाहिलं. त्या काचेमागचं मूळ शोधत गेलं तर गॉसपाशी, आणि त्याच्या मागे त्याच्या आत्यापाशी, ॲना थिनपाशी आणि त्या बिननावाच्या मोलकरणीपाशी जाऊन पोचतं.

मुलांनी हट्ट धरला तर पेटी जरूर करावी, पण आधी गोड्या पाण्याची. वाट पाहायची सवय लागली की मग खाऱ्याची. आणि सुट्टीत मालवणला किंवा रत्नागिरीला गेलात, ओहोटीच्या खडकात एखादं फूल उमललेलं दिसलं, तर मुलांना खाली वाकून पाहू द्या. मात्र ते खरवडून पिशवीत घालू देऊ नका. जिवंत प्रवाळ काढणं तर आपल्या देशात २००१ पासून कायद्यानंच गुन्हा आहे. मिठाची पुडी विकत मिळते. ओसाड झालेला खडक पुन्हा फुलवायची पुडी मात्र गॉसलाही करता आली नाही.